टेबलाच्या पलीकडून काढलेले नकाशे

लॉस एंजेलिस शहरात १९२० च्या दशकात एखादा सुखवस्तू गृहस्थ आपल्या नियोजित घराविषयी बोलावयास एका वास्तुविशारदाच्या कार्यालयात शिरे. वास्तुविशारदाचे नाव त्याने स्नेह्यासोबत्यांकडून ऐकलेले असे. त्याची दोनचार घरेही बाहेरून पाहून ठेवलेली असत. आत पाऊल टाकल्यावर मात्र स्वागतासाठी उठून उभा राहणारा मनुष्य कृष्णवर्णीय आहे, हे त्याच्या ध्यानी येई आणि त्याचा चेहरा पडे. आता येथून सभ्यपणे बाहेर कसे पडावे, या विवंचनेत तो असतानाच तो वास्तुविशारद शांतपणे त्याला घरासाठी किती रक्कम योजिली आहे असे विचारी. आकडा ऐकला की, एवढ्या लहान रकमेची कामे सध्या आपल्याला घेता येत नाहीत, तथापि आपण आलाच आहात तर चार कल्पना अवश्य सुचवितो, असे म्हणून पेन्सिल हाती घेई. नकार देण्यास आलेल्या पाहुण्यालाच अशा रीतीने आधी नकार मिळे. मग तो कुतूहलाने खुर्चीत टेके, आणि त्याच्या डोळ्यांदेखत कागदावर दिवाणखाना, जिना, बगिच्याकडे उघडणारी खिडकी अशी एकेक वस्तू उमटू लागे. विशेष म्हणजे ती त्याला सुलट दिसत असे. रेखाटणारा टेबलाच्या पलीकडे बसून सारे काही उलट्या बाजूने काढीत असे.

या वास्तुविशारदाचे नाव पॉल रिव्हिअर विल्यम्स. उलटे रेखाटन ही त्याची केवळ हातचलाखी नव्हती. गोऱ्या माणसाला आपल्या खांद्याशी खांदा लावून बसणे अवघड वाटेल हे ओळखून त्याने ही कला अनेक महिन्यांच्या सरावाने आत्मसात केली होती. बांधकामाच्या जागेवर हिंडताना तो हात पाठीमागे बांधून चाले, तेही याच कारणास्तव. हस्तांदोलन करावे की न करावे हा पेच समोरच्यावर येऊ नये आणि हात पुढे करावयाचाच असेल तर तो त्याने आपण होऊन करावा, असा त्यामागील हिशेब होता. अमेरिकेतील वास्तुकलेच्या इतिहासात शैली, साहित्य, तंत्र यांविषयी ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले आहेत. एका कुशल कलावंताला आपले हात कोठे ठेवावेत याचा असा विचार करावा लागला, ही गोष्ट त्या इतिहासाच्या पानांत फार उशिरा आली.

विल्यम्सचा जन्म १८ फेब्रुवारी १८९४ रोजी लॉस एंजेलिसमध्ये झाला. आईवडील टेनेसी राज्यातील मेम्फिस शहर सोडून पश्चिमेकडे आलेले. दक्षिणेकडील वर्णद्वेषाच्या जाचापेक्षा कॅलिफोर्नियाचे ऊन बरे, अशी आशा त्या काळी अनेक कुटुंबांनी उराशी बाळगली होती. या कुटुंबाला ते ऊन लाभले नाही. क्षयाने ग्रासलेले आईवडील दोघेही मुलगा चार वर्षांचा होण्याच्या सुमारास निवर्तले. पॉलला एका सहृदय स्त्रीने वाढविले आणि त्याच्या चित्रकलेच्या छंदाला तिने कधी आडकाठी केली नाही. प्राथमिक शाळेत त्याच्या वर्गात तो एकटाच कृष्णवर्णीय होता. त्यामुळे भेदाची पहिली खरी ओळख त्याला माध्यमिक शाळेत, तीही एका शिक्षकाकडून झाली.

आपल्याला वास्तुविशारद व्हावयाचे आहे असे त्याने सांगितले, तेव्हा त्या शिक्षकाने त्याची समजूत घातली. गोरे लोक तुला काम देणार नाहीत आणि तुझ्या लोकांना वास्तुविशारद नेमण्याची ऐपत नाही, मग तू पोट कशावर भरणार, असा त्या उपदेशाचा आशय होता. तो शिक्षक दुष्ट होता असे मानण्याचे कारण नाही. किंबहुना तो व्यवहारीच होता. वैद्य किंवा वकील आपल्या वस्तीत राहून, आपल्या लोकांच्या अल्प द्रव्यावर निर्वाह करू शकतो. वास्तुविशारदाचे तसे नाही. त्याची कला दुसऱ्याच्या पैशावाचून कागदाबाहेर येतच नाही. ज्याच्या हाती जमीन आणि भांडवल, त्याच्या दिवाणखान्यात ज्याला प्रवेश, त्याच्याच हाती काम, असा या व्यवसायाचा रिवाज होता. गुणवत्तेची परीक्षा नंतर होई. ओळखीपाळखीची, क्लबांची आणि भोजनाच्या आमंत्रणांची चाळणी त्याआधी लागे. शिक्षकाचे तर्कशास्त्र बिनचूक होते. मात्र जे आहे ते तसेच राहणार, असे त्यात गृहीत धरलेले होते. असा बिनचूक उपदेश किती मुलांनी ऐकला आणि मुकाट्याने मानला, याची नोंद कोणत्याही शाळेच्या दप्तरात सापडावयाची नाही.

पॉलने तो मानला नाही. नोकरी शोधताना त्याने वास्तुविशारदांची यादी समोर ठेवून एकेका कार्यालयाची पायरी चढली. कोणी साफ नाही म्हटले, कोणी पुढे पाहू म्हटले, कोणी निदान हसून बोलले, याची त्याने नीट टिपणे केली आणि हसून बोलणाऱ्यांकडे तो पुन्हा गेला. ज्या कार्यालयात पगार नव्हता पण नाव मोठे होते, तेथे त्याने काम पत्करले. पगार लवकरच सुरू झाला. उद्यानरचनाकार विल्बर कुक, पासाडीना येथील रेजिनाल्ड जॉन्सन आणि नंतर जॉन ऑस्टिन या नामांकित मंडळींकडे त्याची उमेदवारी झाली. जॉन्सनकडे धनिकांचे वाडे कसे रचतात हे त्याने पाहिले, ऑस्टिनकडे मोठ्या सार्वजनिक इमारतींचे गणित शिकला. कलाशाळेत रात्रीचे रेखाटन चाले आणि १९१६ ते १९१९ या काळात दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात स्थापत्याचे शिक्षणही चालू होते. १९१७ साली डेला मे गिव्हन्स या तरुणीशी त्याचा विवाह झाला. १९२० मध्ये शहराच्या पहिल्या नियोजन मंडळावर त्याची नेमणूक झाली आणि १९२१ मध्ये त्याला व्यवसायाचा परवाना मिळाला. मिसिसिपी नदीच्या पश्चिमेस असा परवाना मिळविणारा तो पहिला कृष्णवर्णीय होय. १९२३ मध्ये अमेरिकन वास्तुविशारद संस्थेने त्याला सभासद करून घेतले. १८५७ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेला पहिला कृष्णवर्णीय सभासद मिळण्यास सहासष्ट वर्षे लागली.

योग्यतेची माणसे त्यापूर्वी नव्हती असे मात्र नाही. रॉबर्ट टेलर १८९२ मध्येच मॅसॅच्युसेट्सच्या विख्यात तंत्रसंस्थेतून वास्तुकलेची पदवी घेऊन बाहेर पडला होता आणि टस्कीगी येथील कृष्णवर्णीयांच्या विद्यालयाच्या इमारती त्याने उभारल्या होत्या. फिलाडेल्फियात ज्युलियन एबल हा असामान्य रेखाटनकार एका गोऱ्या वास्तुविशारदाच्या कार्यालयात बसून उत्तर कॅरोलिनातील ड्यूक विद्यापीठाचे वैभवशाली आराखडे तयार करीत होता. त्या विद्यापीठात त्याच्या वर्णाच्या विद्यार्थ्यांना १९६० च्या दशकापर्यंत प्रवेश नव्हता, आणि इमारतींवर नाव होते ते मालकाच्या पेढीचे. टेलर आपल्या लोकांपुरता राहिला, एबल दुसऱ्याच्या नावामागे राहिला. विल्यम्सने दारावर स्वतःच्या नावाची पाटी लावली आणि ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनाच गिऱ्हाईक करावयाचे ठरविले.

हे धाडस फळास आले त्याला लॉस एंजेलिसची भरभराटही कारण झाली. तेलाचा, चित्रपटांचा आणि जमिनींच्या सट्ट्याचा पैसा शहरात ओसंडत होता. ज्याच्या हाती तो नुकताच पडला होता त्याला घर हवे होते, तेही लवकर हवे होते. लुई कॅस या शाळासोबत्याने आपले मोठे घर विल्यम्सकडे सोपविले. फ्लिंट्रिज या नव्या उपनगराचे प्रवर्तक, माजी सिनेटर फ्रँक फ्लिंट यांनी त्याला कामे दिली. मोटारगाड्यांचे कारखानदार ई. एल. कॉर्ड यांची हकीगत तर सर्वश्रुत आहे. बेव्हर्ली हिल्समधील आपल्या वाड्यासाठी त्यांनी अनेकांकडे विचारणा केली होती आणि इतरांनी आराखड्याला दोनतीन आठवड्यांची मुदत मागितली होती. विल्यम्सने दुसऱ्याच दिवशी चार वाजता आराखडा सादर करण्याचे कबूल केले आणि बावीस तास अन्नपाणी व झोप सोडून ते पुरे केले. काम त्याला मिळाले. तो वाडा पुढे पाडला गेला. पुढील काळात चित्रपटसृष्टीतील टायरोन पॉवर, लुसील बॉल आणि फ्रँक सिनात्रा यांच्यासारखी मंडळी त्याची गिऱ्हाइके झाली आणि लोक त्याला ताऱ्यांचा वास्तुविशारद म्हणू लागले.

या यशाला असलेली दुसरी बाजू अमेरिकन जमीनव्यवहाराच्या कागदांत लिहिलेली आहे. त्या काळी शहरांतील पुष्कळ नव्या वसाहतींच्या खरेदीखतांत एक कलम घातलेले असे. ही जागा गौरेतर व्यक्तीला विकता येणार नाही आणि घरगड्याखेरीज तशा कोणाला तेथे राहताही येणार नाही, असा त्याचा मथितार्थ. हे बंधन एका मालकापुरते नसे. ते जमिनीसोबत पुढच्या मालकाकडे जाई. शेजाऱ्याने कोर्टात अर्ज केला की कोर्ट त्याची अंमलबजावणी करी. संघराज्याच्या गृहकर्ज हमी योजनेनेही अशा कलमांना उत्तेजनच दिले. १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने कोर्टांनी ही कलमे अमलात आणू नयेत असा निर्णय दिला. घरांच्या विक्रीत व भाड्यात वर्णभेद करण्यास बंदी घालणारा संघराज्याचा कायदा मात्र १९६८ मध्ये आला.

म्हणजे विल्यम्स ज्या टेकड्यांवर दिवसा वाडे उभारी, तेथे त्याला स्वतःच्या पैशानेही एक खोली विकत घेता आली नसती. सायंकाळी कामाची पाहणी आटोपून तो आपल्या लोकांच्या वस्तीतील एका साध्या लहान घरी परते. १९३७ साली एका लोकप्रिय मासिकात त्याने स्वतःविषयी लेख लिहिला. एका संध्याकाळी अशाच रमणीय वस्तीतून परतताना आपल्या मनात काय आले, हे त्याने त्यात मोकळेपणी नमूद केले आहे. आपल्याला ऐपत असूनही, आपल्या बायकोमुलांना आवडले असते तरीही, येथे राहता येणार नाही, ही जाणीव त्याला सलत होती. तथापि द्वेषाने द्वेषाला उत्तर देण्यापेक्षा माणसागणिक एकेक मन जिंकावे, हाच मार्ग आपण पत्करला असल्याचे त्याने सांगितले. पुढच्या पिढीतील तरुणांना त्याचा हा संयम पटला नाही, आणि त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. अन्याय करणाऱ्याला संकोच वाटू नये याची काळजी अन्याय सोसणाऱ्याने का घ्यावी, या प्रश्नाला विल्यम्सच्या पाठीमागे बांधलेल्या हातांनी उत्तर दिलेले नाही. त्याने फक्त काम मिळविले आणि ते उत्तम केले.

अर्थात धनिकांचे वाडे म्हणजेच विल्यम्स, असे समजणे त्याच्यावर अन्याय करण्यासारखे होईल. १९२६ मध्ये त्याने अठ्ठाविसाव्या रस्त्यावर कृष्णवर्णीय तरुणांसाठी वाय. एम. सी. ए. ची इमारत बांधली. बाहेरगावाहून आलेल्या तरुणाला अन्यत्र हॉटेलात खोली मिळणे दुरापास्त होते. येथे राहावयास खोल्या होत्या, व्यायामशाळा होती, पोहण्याचा तलाव होता. दर्शनी भागावर फ्रेडरिक डग्लस आणि बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या प्रतिमा कोरलेल्या आहेत. सिनेनटाच्या वाड्याला जी स्पॅनिश धाटणीची नजाकत, तीच त्याने या तरुणांच्या वसतिगृहाला दिली.

१९३० च्या दशकात वॉशिंग्टन शहरात हिल्यर्ड रॉबिन्सन या कृष्णवर्णीय सहकाऱ्याबरोबर त्याने लँगस्टन टेरेस ही श्रमिकांची गृहवसाहत उभी केली. राजधानीतील सरकारी खर्चाने झालेली ती पहिली वसाहत. त्यानंतर लॉस एंजेलिसमध्ये प्वेब्लो देल रिओ या चारशे कुटुंबांच्या प्रकल्पाचा तो मुख्य वास्तुविशारद झाला. रिचर्ड नॉयट्रासारखा जगद्विख्यात आधुनिक वास्तुविशारद त्या मंडळात त्याच्या हाताखाली होता. महायुद्धाच्या काळात नेवाडा राज्यात युद्धकारखान्यातील कृष्णवर्णीय कामगारांसाठी कार्व्हर पार्क ही वसाहत झाली, तीही त्याचीच. गोऱ्या कामगारांची वस्ती निराळी होती. १९५० च्या दशकात लास व्हेगासमध्ये बर्कली स्क्वेअर येथे सुमारे दीडशे लहान घरे झाली. तेथील करमणूकगृहांत राबणाऱ्या, पण त्याच करमणूकगृहांत पाहुणे म्हणून पाऊल टाकू न शकणाऱ्या लोकांना प्रथमच चांगली घरे मालकीने घेता आली. युद्धानंतर त्याने लहान घरांच्या आराखड्यांची दोन पुस्तके काढली. बेताच्या मिळकतीच्या माणसालाही उजेड, हवा आणि नीट आखलेले स्वयंपाकघर मिळाले पाहिजे, हा त्यांतला आग्रह होता. वाड्याच्या आराखड्यात तो जेवढा रमे तेवढाच दोन खोल्यांच्या घरातही रमे, हे ती पुस्तके चाळताना जाणवते.

१९४९ साली त्याने गोल्डन स्टेट म्युच्युअल या विमा कंपनीचे मुख्यालय बांधले. गोऱ्या विमा कंपन्या कृष्णवर्णीयांना दारात उभे करीत नसत म्हणून कृष्णवर्णीयांनीच स्थापन केलेली ही कंपनी. दालनात चार्ल्स आल्स्टन आणि हेल वुड्रफ या चित्रकारांनी आपल्या समाजाचा कॅलिफोर्नियातील इतिहास भिंतींवर रंगविला. माध्यमिक शाळेतील शिक्षकाच्या उपदेशाचा उत्तरार्ध, म्हणजे तुझ्या लोकांना ऐपत नाही हा भाग, त्या दिवशी खोटा ठरला. दोनतीन वर्षांत विल्यम्सने लाफायेट स्क्वेअर या, पूर्वी त्याच्या वर्णाला बंद असलेल्या वस्तीत स्वतःसाठी घर बांधले. तेव्हा त्याच्या वयाची साठी जवळ आली होती.

त्याच्या वास्तूंविषयी टीकाकारांचे मत एकसारखे नाही. गिऱ्हाइकाला हवी ती शैली तो देई. स्पॅनिश, इंग्लिश, जॉर्जियन आणि पुढे आधुनिक, अशा सर्वच तऱ्हांत त्याचा हात सारखाच चाले. आधुनिकतेचा झेंडा खांद्यावर घेतलेल्या समीक्षकांनी त्याला म्हणूनच फारसे मोजले नाही. परंतु स्वतःच्या तत्त्वापायी गिऱ्हाइकाशी भांडण्याची चैन प्रत्येकाला परवडते असे नाही. फ्रँक लॉइड राइटने गिऱ्हाइकाला ताडकन चार शब्द सुनावले तर ती प्रतिभावंताची लहर ठरे. विल्यम्सने तसे केले असते तर तो त्याच्या सगळ्या वर्णाचा उद्धटपणा ठरला असता. शैलीच्या इतिहासातही वर्ण असा आडवाटेने शिरतो.

१९५३ मध्ये कृष्णवर्णीयांच्या अग्रगण्य हक्कसंघटनेने त्याला स्पिंगार्न पदक दिले. १९५७ मध्ये वास्तुविशारद संस्थेने त्याला आपला अधिछात्र केले. या मानाचा तो पहिला कृष्णवर्णीय. १९६२ मध्ये मेम्फिस येथे नट डॅनी टॉमस यांच्या पुढाकाराने मुलांच्या दुर्धर रोगांसाठी सेंट ज्यूड रुग्णालय उभे राहिले. ताऱ्याच्या आकाराच्या त्याच्या पहिल्या इमारतीचा आराखडा विल्यम्सने मोबदला न घेता करून दिला. दक्षिणेत वर्णभेद कायद्याने जारी असताना त्या रुग्णालयाचे दार प्रथमपासून सर्व वर्णांच्या मुलांना उघडे होते. मेम्फिस हेच ते गाव, जे सोडून त्याचे आईवडील पश्चिमेला आले होते.

१९७३ मध्ये तो निवृत्त झाला आणि २३ जानेवारी १९८० रोजी त्याचे निधन झाले. त्याच्या मागे तीन हजारांच्या घरात कामे होती, असे सांगितले जाते. पण त्याच्या मागून त्या वाटेने किती जण आले? १९६८ साली पोर्टलंड येथे भरलेल्या संस्थेच्या अधिवेशनात नॅशनल अर्बन लीगचे प्रमुख व्हिटनी यंग यांनी वास्तुविशारदांना त्यांच्या मौनाबद्दल आणि उदासीनतेबद्दल तोंडावर दोष दिला. त्यानंतर तीन वर्षांनी, १९७१ मध्ये, बारा कृष्णवर्णीय वास्तुविशारदांनी डेट्रॉइट येथे स्वतःची संघटना स्थापन केली. नॉर्मा स्क्लेरेक ही कृष्णवर्णीय स्त्री संस्थेची अधिछात्र झाली ती विल्यम्सच्या मृत्यूच्या वर्षी, १९८० मध्ये. शतक उलटले तरी अमेरिकेतील परवानाधारक वास्तुविशारदांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण शंभरात दोनच्या आसपासच रेंगाळलेले आहे. लोकसंख्येत ते शंभरात तेरा आहेत. दीर्घ शिक्षण, अल्प वेतनाची उमेदवारी, परवाना परीक्षांचा खर्च आणि ओळखीतून मिळणारी कामे ही कारणे १९१० साली त्या शिक्षकाला जशी दिसत होती, तशीच आजही पाहणाऱ्याला दिसतात. विल्यम्सचे उदाहरण संस्थेच्या समारंभांत गौरवाने दिले जाई. एक जण पार पडला, म्हणजे दार उघडे आहे, असा अर्थ त्यातून सोयीस्करपणे काढणेही शक्य होते.

संस्थेने आपले सुवर्णपदक विल्यम्सला दिले ते २०१७ साली, मृत्यूनंतर सदतीस वर्षांनी. १९०७ पासून दिल्या जाणाऱ्या या पदकाचा मानकरी झालेला तो पहिला कृष्णवर्णीय होय. पहिली स्त्री, ज्युलिया मॉर्गन, हिलाही ते २०१४ साली, मरणोत्तरच मिळाले होते.

१९९२ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये दंगल उसळली. चार गोऱ्या पोलिसांनी एका कृष्णवर्णीयाला केलेल्या मारहाणीच्या खटल्यात त्यांची सुटका झाली होती, त्याचा हा उद्रेक. त्यात कृष्णवर्णीयांनीच स्थापन केलेली एक बँक जळाली आणि तेथे ठेवलेले विल्यम्सचे कागद भस्मसात झाले, अशी समजूत पसरली. इतिहासकार पुढे अनेक वर्षे ती धरून होते. प्रत्यक्षात जळाले ते व्यवहाराचे काही कागद. आराखड्यांचा मोठा साठा दुसरीकडे होता आणि त्याच्या नातीने तो जिवापाड जपला होता. २०२० च्या जूनमध्ये गेटी संशोधन संस्था आणि विल्यम्स जेथे शिकला ते विद्यापीठ या दोघांनी मिळून तो संग्रह आपल्याकडे घेतला. त्यात सुमारे पस्तीस हजार नकाशे आहेत, आणि हातांनी काढलेली मूळ रेखाटने सुमारे दहा हजार.